पैलवानाचं लंडन

माझ्या मुलानं लंडनहून नकाशा पाठवला आहे. तो तिथल्या एका दवाखान्यात डॉक्टर आहे, जाऊन वर्ष होत आलं. नकाशा रंगीत, चित्रांचा. पुलाच्या जागी पूल काढलाय, देवळाच्या जागी घुमट, चौकात सिंह, नदीत इवल्याशा बोटी. इंग्रजी नावं मला वाचता येत नाहीत म्हणून त्यानं प्रत्येक नावाशेजारी लाल शाईनं मराठीत लिहून दिलं आहे. ‘आई, तुला घरबसल्या हिंडता येईल,’ असं पत्रात म्हणतो.

काल दुपारी धरमपेठेतल्या या घरात, कूलरच्या ओल्या वाळ्याच्या वासात, मी तो नकाशा पलंगावर पसरला. घड्या उलगडेनात म्हणून चारी कोपऱ्यांवर डबे ठेवले. मग नदीच्या खालच्या बाजूला बोट टेकवलं. बर्मंडसी. तिथून वर सरकत पुलावर, पुलावरून डावीकडे. लाल शाई बघायची मला गरज पडली नाही. हा रस्ता मी दहा वर्षांची होते तेव्हापासून चालते आहे.

माझे बाबा पैलवान होते. कुहीकडच्या धानाच्या बांधांवरून पोरवयात नागपुरात आले आणि महालातल्या एका आखाड्यात राहिले. जर्मनीशी झालेल्या पहिल्या लढाईच्या आधी मुंबईच्या एका ठेकेदारानं त्यांना आणि आणखी तिघा पैलवानांना बोटीत बसवून लंडनला नेलं. तिथल्या नाटकघरांत कुस्त्या लावायच्या होत्या. माझा थोरला भाऊ नारायण तेव्हा मायच्या पोटात होता. बाबा आठ महिने तिथं होते. अक्षर एक ओळखीचं नव्हतं, म्हणून ते शहर त्यांनी पायांनी पाठ केलं. परत आले, शुक्रवारी नावाच्या तलावाच्या अलीकडे स्वतःचा आखाडा घातला, पोरं तयार करू लागले. स्वतः मात्र पुन्हा कुस्त्यांच्या कुठल्या दंगलीत उतरले नाहीत.

त्या आखाड्याचा वास माझ्या केसांत असायचा. हौद्यातल्या तांबड्या मातीत तेल, ताक, हळद घालून ती कालवलेली असे. पहाटे पोरं ती फावड्यानं उकरत तेव्हा दमट, आंबूस, किंचित गोड वास आमच्या स्वयंपाकघरापर्यंत येई. माय चुलीवर पोरांसाठी दूध आटवत असे. बाहेर जोर काढणाऱ्यांचे हुंकार, शड्डूचे आवाज, आणि मधूनमधून निंबाच्या ओल्या फोकाचा सपकारा. फोक बाबांच्या हातात असे. पाय मागं घेतला की पाठीवर वळ उठे. कुणी खांदा निखळून रडला तर बाबा तो खांदा बसवत आणि रडल्याबद्दल आणखी दोन ओढत. सगळ्यांत जास्त मार नारायणदादानं खाल्ला. त्याच्या पाठीवर कच्च्या विटेसारखे लाल पट्टे असायचे आणि माय त्यावर जवसाचं तेल लावताना दात आवळून बसायची. मला बाबांनी कधी बोटही लावलं नाही. ते मला जवळ बोलवायचे, हौद्याच्या कडेला बसवायचे, आणि संध्याकाळी अंगातली माती वाळत आली की लंडन सुरू व्हायचं.

“सांगा ना गा उस्ताद,” एखादा पोरगा म्हणे, “लंडनातली दौड.”

बाबा कपाळावरच्या खुणेवरून अंगठा फिरवत. डाव्या भुवईवरून केसांत गेलेली, बोटभर लांब, पांढरी खूण होती ती. गोऱ्या पैलवानानं दिलेली, असं सगळे म्हणत. बाबांनी होही म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही.

“आमी राहो बरमनशीत,” ते सुरू करत. “खाली घोड्यायचा तबेला, वर आमी चौघं. अख्ख्या मोहल्ल्यात चामडं कमावायचे कारखाने. पहिल्या दिवशी मले वाटलं का आपलं नाक गळून पडन. एका गल्लीत चामडं, दुसऱ्या गल्लीत सिरका, तिसरीत बिस्कुटं भाजून राहिले. डोळे बांधले तरी म्या सांगलं असतं कोन्ती गल्ली आहे ते.”

मग पहाटेची दौड. धुकं इतकं की स्वतःचे गुडघे दिसायचे नाहीत. गल्लीतली पोरं कोळशाचे खडे मारायची, कुत्री सोडायची. एका दारूच्या दुकानासमोर बाया पायरी धुवत बसलेल्या असत, त्यांच्यातली एक रोज बादलीतलं पाणी बाबांच्या अंगावर फेकायची, आणि ते रोज तिला रामराम करायचे. पुढं टावरचा पूल. पहिल्या सकाळी ते पुलावर पोचले आणि समोरचा रस्ता उभा राहिला. बोट जायची म्हणून पूल मधोमध फाटून दोन बाजूंनी आभाळाकडे गेला. “मी बोंबलत माघारी पळालो,” बाबा म्हणत आणि पोरं हसून हसून मातीत लोळत. पुलापलीकडे जुना किल्ला, आत राजानं लोकांची मुंडकी उडवलेली, भिंतीवर कावळे. “आपल्यापेक्षा दुप्पट. मानूस मेल्याची वाट पाहत बसल्यासारखे.” त्यापुढं मासळीबाजार, बर्फाच्या पाण्यात घसरणारे पाय. मग चढ, आणि चढावर सेंटपालच्या देवळाचा घुमट. “सक्करदऱ्यापासून महालापर्यंत सावली पडन येवढा,” असं ते सांगायचे आणि मला ते खरं वाटायचं. घुमटाच्या उतारावरून फ्लीट रस्ता, तिथं रात्रभर छापखाने चाललेले असत, दारांतून शाईचा गरम वास येई. मग ष्ट्रांडचा रस्ता, मग चार सिंहांचा चौक. काळ्या सिंहांपैकी एकाच्या पंजावर बाबा हात ठेवत आणि हनुमंताचं नाव घेत. सिंहांच्या मागून दोन वळणं घेतली की लिस्टर चौक. तिथं नाटकघर. नाटकघराच्या दारावर त्यांचं चित्र लावलेलं. हातात सोटा, गळ्यात हाडांची माळ, दात बाहेर.

“आन् मंग?” पोरं विचारत.

“मंग काय. आत जाऊन लढलो,” बाबा म्हणत आणि उठून विहिरीवर जात. दाराच्या आत काय झालं ते आम्ही कधी ऐकलं नाही.

नारायणदादा एकोणीस वर्षांचा झाला तेव्हा आखाड्यात त्याच्या जोडीला कुणी उरलं नव्हतं. छाती कोठीसारखी, मान दिसायची नाही. बाबांनी त्याला सगळं शिकवलं, एक डाव सोडून. पाठीवर बसून समोरच्याच्या हनुवटीखालून हात घालायचा, पंजे एकमेकांत अडकवायचे आणि मान मागं ओढायची. कुणी पोरगं खेळताना चुकून जरी त्या अवस्थेत आलं तरी बाबा लाथ घालून त्याला दूर करत. दादानं कितीदा तरी विचारलं, कितीदा तरी त्यापायी फोक खाल्ला. शेवटी तो कुठून शिकला कोण जाणे. कुणी म्हणे, बाबांबरोबर लंडनला गेलेला जबलपूरचा एक म्हातारा पैलवान आखाड्यात पाहुणा आला होता, त्यानं बाबांच्या पाठीमागं दाखवला.

त्या साली नागपंचमीच्या दंगलीला मध्यप्रांतातले नामी पैलवान आले होते. शेवटची जोड नारायणदादा आणि कामठीचा केशव अशी लागली. केशव दादापेक्षा पाच-सहा वर्षांनी मोठा, लग्न झालेला, हसरा. सकाळी आमच्याच अंगणात बसून त्यानं मायच्या हातचं दूध प्यायलं होतं. पंचमीला आमच्याकडे चिरणं नाही, तळणं नाही, चुलीवर तवा चढत नाही. माय उकडलेली दिंडं करून दंगल बघायला तलावापलीकडच्या एका माडीवर आली होती. मी तिच्या पुढ्यात, गजांना धरून. खाली माणसांची डोकीच डोकी. पावसाची एक सर येऊन गेलेली, माती निसरडी, आणि हलगी इतक्या जोरात की माझ्या हातातले गज थरथरत होते.

अर्धा तास झाला तरी कुस्ती सुटेना. केशवानं दादाच्या कानशिलावर खांदा मारला, दादाच्या नाकातून रक्ताची धार लागली. लोक हसले. कुणी ओरडलं, “लंडनवाल्याचा पोरगा पाहा गा!” मी दादाचा चेहरा पाहिला. तो आमचा दादा नव्हता. त्यानं केशवाचा पाय उपसला, त्याला पालथा पाडला, पाठीवर बसला आणि हनुवटीखालून हात घातला.

आधी लोक आनंदानं ओरडले. केशवाचे पाय माती उकरत होते. त्याचा एक हात दादाच्या मनगटापर्यंत आला आणि खाली पडला. तोंड आधी लाल झालं, मग पिकल्या जांभळासारखं. मग पाय थांबले. दादा ओढतच होता. पंच पुढं वाकून खांदे मातीला टेकतात का ते बघत होता. हलगी वाजत होती. आणि हौद्याच्या कडेला बाबा उभे राहिलेले मला दिसले. त्यांचं तोंड उघडं होतं, मानेच्या शिरा फुगलेल्या. ते ‘सोड, सोड’ ओरडत होते हे मला ओठांवरून कळलं, ऐकू काही आलं नाही.

मग त्यांनी उडी टाकली. धोतरासकट, चपलांसकट ते हौद्यात उतरले, दादाच्या उजव्या हाताची बोटं पकडली आणि उलटी वाकवली. दादानं सोडलं नाही. बाबांनी त्याच्या कोपरावर गुडघा रोवला आणि मनगट फिरवलं. हलगी नेमकी तेव्हाच थांबली असावी. कपाशीची वाळलेली पऱ्हाटी पायाखाली मोडते तसा आवाज आला. दोनदा. मग दादाची किंकाळी.

केशव उताणा पडला. कुणीतरी त्याच्या तोंडावर पाण्याची घागर ओतली. बराच वेळ तो तसाच पडून होता, मग त्याची छाती हलली आणि तो ओकला. पण त्याच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. पोराची कुस्ती बापानं मोडली, जिंकलेली कुस्ती मोडली, म्हणून लोक खवळले होते. पहिला दगड कुणी मारला ते दिसलं नाही. बाबांनी हात वर केले नाहीत. ते हौद्यातून चढून वर आले आणि दगड, जोडे, मातीचे गोळे अंगावर घेत तलावाच्या काठानं घराकडे चालत गेले. त्यांच्या मागं रक्ताचे ठिपके पडत गेले आणि पावसाच्या थेंबांनी ते पसरत गेले.

रात्र कशी गेली ते आठवत नाही. वैदूनं बांबूच्या कामट्या लावून दादाचा हात बांधला होता. तो भिंतीकडे तोंड करून कण्हत होता. माय उंबऱ्यात बसली होती आणि तिची दिंडं तशीच टोपल्यात पडली होती.

“पंचमीले आपन भाजीचं पान चिरत नाई,” ती बाबांना म्हणाली. तिचा आवाज शांत होता. “आन् तुमी लेकराचा हात मोडला.”

त्यानंतर माय बाबांशी कामापुरतंच बोलत असे. ताट वाढलंय. पाणी तापलंय. एवढंच.

आठवडाभरानं कामट्यांसकट दादा घर सोडून गेला. जाताना बाबांसमोर उभा राहिला. “तुमाले पाहावलं नाई,” तो म्हणाला. “तुमच्यापरीस मोठा होऊन राहिलो होतो, ते पाहावलं नाई तुमाले. दुसरं काई नाई.” बाबा खाली मान घालून ऐकत होते. मारतील असं मला वाटलं. पण त्यांनी फोक त्याच सकाळी चुलीत घातला होता.

बाबांच्या पाठीवर, डोक्यावर दगडांच्या जखमा होत्या. माय हात लावेना, म्हणून आंबेहळदीचा लेप मी लावायची. दादा गेला त्या दुपारी मी लेप लावत होते आणि रडत होते.

“रडू नको वं बाई,” बाबा म्हणाले. “बस इथी. तुले सांगतो. लिस्टर चौकाच्या पुढचं.”

आणि त्यांनी मला नाटकघराच्या आत नेलं. आतमध्ये तंबाखूचा धूर होता, दिव्यांनी डोळे दिपत होते. मातीच्या जागी गादी. लोक माकडासारखे आवाज काढत होते, संत्र्याची सालं मारत होते. “संत्र्याची, पाय बाई. मले आपल्या गावाचा वास आला.” समोर टाम नावाचा गोरा पैलवान. तो बरमनशीतलाच, मागच्या गल्लीत राहणारा, गोदीवर घोडागाडी हाकणारा. ठेकेदारानं बाबांना सांगितलं होतं, आज तू पडायचं. बाबा पडायला तयार होते. पण एक साल तोंडावर बसली, सगळे हसले, टामही हसला, आणि बाबांनी त्याला पालथा पाडून हनुवटीखालून हात घातला.

“तो गादीवर हात आपटून राहिला होता,” बाबा म्हणाले. “थाप, थाप, थाप. त्यायच्यात तसा कायदा हाय. हात आपटला का समोरच्यानं सोडायचं. मले कोनी सांगलं नव्हतं. मले वाटलं, अजून मस्ती करून राहिला. म्या आखीन ओढलं.”

टाम तिसऱ्या दिवशी पुलाजवळच्या दवाखान्यात मेला. पोलिसांनी चौकशी केली, खेळातला अपघात म्हणून सोडून दिलं. ठेकेदार म्हणाला, आता तर दुप्पट गर्दी होईल. बाबा मात्र फेटा बांधून मागच्या गल्लीत गेले. का गेलो ते सांगता येत नाही, म्हणाले. दार टामच्या बायकोनं उघडलं. तिनं त्यांना पाहिलं, आत गेली, शेगडीतले निखारे हलवायची लोखंडी सळई घेऊन आली आणि त्यांच्या कपाळावर घातली. बाबा उभे राहिले. तिनं पुन्हा घातली. तिचा हात दमेपर्यंत ते उभे होते. फेटा सुटून चिखलात पडला होता.

“आन् आतून एक पोरगी आली,” बाबा म्हणाले. “तुयायेवढी असन. तिनं फेटा उचलला, झटकला, आन् माह्या हातात देला. मंग दार लावून घेतलं.”

हळदीचा हात तसाच धरून मी बसले होते.

“दादाले सांगा ना,” मी म्हटलं. “बाबा, दादाले हे सांगा.”

“नाई.” त्यांनी माझा हात घट्ट धरला. माझ्या आयुष्यात त्यांनी मला दुखवलं ते तेवढंच. “त्याले सांगलं तर त्याले समजन का तो काय करून राहिला होता. मंग त्याले जनमभर झोप नाई. त्यापेक्षा बाप वाईट हाय असं समजू दे. तू बी सांगशीन नाई. शपथ घे.”

मी शपथ घेतली. अकरा वर्षांची होते.

नकाशावर मागची गल्ली सापडत नाही. बर्मंडसीत एकमेकींना चिकटलेल्या पुष्कळ गल्ल्या आहेत, सगळ्या केसासारख्या बारीक. मी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. चित्रकारानं तिथं काहीच काढलेलं नाही, एक घरसुद्धा नाही. पुलापासून सगळी चित्रं सुरू होतात.

दुसरी लढाई लागून वर्ष झालं तेव्हा माझं लग्न होऊन तीन वर्षं झाली होती आणि मी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आले होते. हाच मुलगा, जो आता तिथं आहे. आखाडा बंद पडला होता, हौद्यात गवत वाढलं होतं. बाबांची डावी बाजू लुळी पडली होती. ते ओसरीत खाटेवर पडून असत. दादा मनसरकडे मँगनीजच्या खाणीवर मजुरांच्या हजेऱ्या घेत होता, डाव्या हातानं लिहायला शिकला होता. मायला निरोप यायचे. घरी तो दहा वर्षांत आला नव्हता.

लंडनवर बॉम्ब पडू लागले आणि बाबांनी वर्तमानपत्र मागवलं. मी मांडीवर बाळ घेऊन त्यांना वाचून दाखवायची. गोदीला आग लागली. टावरच्या पुलाजवळ गुदामं जळाली, साखर वितळून रस्त्यावर वाहिली. फ्लीट रस्त्यालगतचे छापखाने पडले. सेंटपालच्या भोवती सगळं जळून गेलं, घुमट तेवढा धुरात उभा आहे. एकेक नाव मी वाचायची आणि बाबा डोळे मिटून, चांगल्या पायाचं बोट हलवत, त्या त्या ठिकाणी जायचे.

“बरमनशीचं काई लिवलं का?”

“लिहिलंय. तिथंही पडले म्हणतात.”

“कोन्त्या गल्लीत?”

“गल्लीचं नाव नाही बाबा.”

“पाय ना बाई, नीट पाय.” रोज हेच. ती पोरगी आता चाळिशीची झाली असेल, तिलाही लेकरं असतील, हे त्यांनी बोलून दाखवलं नाही. पण दूध पिणाऱ्या माझ्या बाळाकडे बघत ते मला म्हणत, “बॉम्ब पडते तवा लेकरायले घेऊन कुठी जात असतीन वं?”

एका सकाळी शेजारचा शिंपी पेढे घेऊन आला. गावात तेव्हा बऱ्याच जणांना आनंद झाला होता, आणि त्यांचं चुकत होतं असंही मला म्हणवत नाही. गोऱ्यांनी आमच्या लोकांच्या पाठी फोडल्या होत्या, तुरुंग भरले होते. “घ्या पैलवान, तोंड गोड करा,” तो म्हणाला. “जळून राहिलं लंडन. जळू द्या, राख होऊ द्या एकेकाची.” बाबांनी उजव्या हातानं उशाचा पितळी तांब्या उचलला आणि त्याच्या तोंडावर फेकला. ओठ फाटला, दोन दात पडले. शिंप्याची बायको अंगणात उभी राहून शिव्या देत होती, पेढे ओसरीभर पसरले होते, रक्तात कालवले होते. बाबा खाटेवरून खाली पडले होते आणि एका हातानं सरपटत दाराकडे जात होते. कुठं जायचं होतं त्यांना, ते मी विचारलं नाही. मायनं आणि मी त्यांना उचललं. दहा वर्षांनी मायनं त्यांच्या अंगाला हात लावलेला मी तेव्हा पाहिला.

त्यानंतर ते महिनाभर जगले. थंडीत, सकाळी, वर्तमानपत्र यायच्या आधी गेले.

नारायणदादाला निरोप पोचायला वेळ लागला. तो आला तेव्हा बाबांना नेऊन दोन दिवस झाले होते, आग चुलत्यानं दिली होती. दादा अंगणात उभा राहिला. केस अवेळी पांढरे झाले होते, अंग उतरलं होतं. उजव्या हाताची बोटं बाहेरच्या बाजूला वळलेली, कोंबडीच्या पायासारखी. त्यानं आंघोळ केली, मायच्या पायांवर डोकं ठेवलं आणि ओसरीत जाऊन बसला. ताट वाढलं तर जेवला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही.

“मेला तरी मले सांगून नाई गेला,” तो मला म्हणाला. “एकदा तोंडावर बोलला असता. का पोरा, तुयी शान मले पाहावली नाई. म्या माफ केलं असतं त्याले.”

माय मागं विहिरीवर होती. बाळ झोपलं होतं. मी त्याच्यासमोर बसले आणि सगळं सांगितलं. नाटकघर, सालं, टामचा गादीवर आपटणारा हात, दवाखाना, मागची गल्ली, सळई, ती पोरगी. बाबा काय म्हणाले ते, आणि मी घेतलेली शपथ. सांगताना माझा आवाज अकरा वर्षांच्या मुलीसारखा येत होता. दादा हलला नाही. माझं संपलं तेव्हा तो उठला आणि त्यानं माझ्या थोबाडीत मारली.

वाकड्या हातानं मारली. बोटं मिटत नव्हती, त्यामुळे ती चापट नीट बसली नाही, हाडंच लागली. माझ्या गालाचं आतलं कातडं फाटलं, तोंडात रक्त आलं.

“दहा वर्सं,” तो म्हणाला. “दहा वर्सं काहून चूप बसली वं?”

लुगड्याच्या पदरानं तोंड दाबून बसले. तो भिंतीला पाठ लावून खाली घसरला आणि वाकडा हात मांडीवर घेऊन त्याच्याकडे बघत राहिला. मागं रहाटाची कुरकुर चालू होती. मग त्यानं मान वर न करता विचारलं, अगदी हळू, लहानपणी पाठीला तेल लावून घेताना बोलायचा तसं.

“म्या त्याले मारलं असतं का वं? केशवाले? खरं सांग. तू माडीवरून पाहून राहिली होती.”

बाबांचं तोंड माझ्या डोळ्यांसमोर आलं. त्याला झोप यावी म्हणून त्यांनी काय काय अंगावर घेतलं होतं ते आठवलं. नाही म्हणणं सोपं होतं. पण दादा माझ्याकडे बघत होता, आणि गजांतून दिसलेलं ते जांभळं तोंड मीही रोज बघत आले होते.

“हो,” मी म्हटलं. “त्याचे पाय थांबले होते, दादा. तू ओढतच होता.”

त्यानं मान हलवली. एकदा, मग पुन्हा एकदा. तो रडला नाही. पुढं सरकला, माझी हनुवटी चांगल्या हातानं वर केली, गाल पाहिला आणि आपल्या धोतराच्या सोग्यानं रक्त टिपलं.

मग म्हणाला, “भात असन तर वाढ मले.”

मी वाढला. तो डाव्या हातानं, खाली मान घालून, सगळा जेवला.